शेपटांचा कोट

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या शिवणकामावर मी आजवर फक्त टीका केली. आज गिऱ्हाईक म्हणून लिहितोय, तेव्हा आधी पोटभर हसून घे.

तुझ्या भाचीच्या वादनाचं निमंत्रण आलंय. तेवीस तारखेला, पाच जणांचा कार्यक्रम, पियानो तिचा. सव्वा वर्षात तिच्याकडून आलेला हा पहिला कागद, आणि तोही छापील. पाकीट उजेडासमोर धरून पाहिलं, हातचं एक अक्षर नाही. तक्रार कुठल्या तोंडाने करू? शास्त्रं सोडून पट्ट्या बडवायला चाललीस, असं तिला मीच, तिच्या बापाने, सुनावलं होतं, तेही खणखणीत, शुद्ध उच्चारांत. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. आता त्या सभागृहात तरी तिला माझी लाज वाटू नये, एवढंच मागणं आहे.

कार्डाच्या तळाशी ओळ आहे: सायंकालीन औपचारिक पोशाख. तुझी भावजय म्हणते, शाळेचा कोट पुरे. पण आजोबांनी शिंप्याच्या दुकानात लिहिलेली पोशाखाच्या नियमांची वही मी प्रमाण मानतो. दिवेलागणीनंतर मागे दोन शेपटं असलेला काळा कोट, पांढरं जाकीट, पांढरा बो. पंचवीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्याने लिखित वचन डावलायचं तर कसं? दुकानातल्या कपाटात आजोबांचा तो पुच्छद्वययुक्त कोट आहे ना? माझ्या मापाचा करून पाठव. माप जुनंच धर, आणि मग दया म्हणून वाढव.

लोभ आहेच, तो धुतल्यावर आटू नये.

तुझा,
पंडित

९ मार्च

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही साठ वर्षं जुनी आहे, बाळा. शेपटांचा कोट आजोबांच्या काळातला. त्यांच्या हयातीतच बिनशेपटांचा आखूड कोट आला, तेव्हा तो घरच्यांबरोबर जेवताना घालायचा कोट म्हणून त्यांनी नाक मुरडलं होतं. बाबांच्या वेळी तोच मोठ्या समारंभाचा झाला. लोक आपापल्या वडिलांचे कोट आणायचे आणि बाबा शेपटं कापून द्यायचे. माझ्या बाहुलीची गादी त्याच तुकड्यांची होती. मग जांभळी मखमल आली, छातीवर झालरी आल्या. बाबा त्या नजर दुसरीकडे ठेवून शिवायचे. आणि मी? परवा एका डॉक्टरांना मेजवानीसाठी काळा सूट शिवला. त्यांनी त्यावर टाय नको म्हटलं आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घातले. मी छान दिसतंय म्हणाले. पोट सगळ्यांनाच आहे.

तेव्हा शाळेचा कोट घाल. पण तू डोळ्यांपेक्षा अक्षरावर विश्वास ठेवणारा, म्हणून कोटही पाठवतेय. आजोबांनी शिवणीत माया भरपूर सोडली होती, ती सगळी तुझ्या पोटाने खाल्ली. खोल श्वास घेऊ नकोस. बसताना आधी शेपटं बाजूला कर.

पोरीसमोर शास्त्रार्थ करू नकोस, एवढं ऐक.

तुझी,
ताई

२४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं बरोबर होतं. हे वाक्य फ्रेम करून दुकानात लाव.

रस्त्याने तुझी भावजय माझ्या दहा पावलं पुढे चालली, अनोळखी दिसावी म्हणून. सभागृहाच्या पायऱ्यांवर पाहतो तर लोक साध्या शर्टात, एक जण तर स्वेटरात. शेपटं मला एकट्यालाच. ती आत गेली. मला मात्र दारावरच्या बाईंनी अडवलं. उशीर केलात म्हणून झापलं आणि मागच्या जिन्याने वर पिटाळलं. मी वडील आहे हे सांगायला तोंड उघडलं, पण खोल श्वास घ्यायची तुझी मनाई होती.

वरच्या खोलीत माझ्यासारखेच चार शेपटवाले, हातात व्हायोलिनं वगैरे. म्हणजे तो पोशाख आता फक्त वाजवणाऱ्यांकडे उरलाय! पियानोशेजारी बसून पानं उलटणारा माणूस आला नव्हता, आणि बाईंच्या मते तो मीच होतो. कोपऱ्यात तुझी भाची बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं. मी क्षमा मागायला चार वाक्यं रचून आणली होती, त्यातलं एक आठवेना. एवढंच म्हणालो की मी चुकीच्या दाराने आलो, जातो. ती म्हणाली, “राहू द्या. मी मान हलवली की पान उलटा.”

ताई, त्या पानांवर मला ओ की ठो कळत नव्हतं. मुंग्यांची रांग दिसत होती. पाऊण तास मी फक्त तिच्या मानेकडे पाहत होतो, आणि वर्गातल्या ढ मुलाला काय वाटत असेल ते मला या वयात समजलं. तिची बोटं काय करतात तेही पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. बडवणं ते नव्हे. एकदा मी दोन पानं एकदम उलटली. ती न थांबता वाजवत राहिली, आणि मधल्या एका क्षणी डाव्या हाताने एक पान मागे घेतलं. तिसऱ्या रांगेत तुझ्या भावजयीने डोळे मिटून घेतले होते, संगीतामुळे नव्हे.

नंतर खोलीत सगळे वाद्यं पेटीत घालत होते. मी काखेत उसवलो होतो, म्हणून हात खाली धरून उभा. ती जवळ आली, उद्या पुन्हा हाच कार्यक्रम आहे म्हणाली, आणि थोडं थांबून, “बाबा, याल? एकेकच पान उलटायचं पण.”

दुसरा माणूस मिळाला का, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

तेव्हा कोट इतक्यात परत मागू नकोस. काखेत कसा टाका घालायचा ते विचारायला आत्ताच फोन करतोय. पत्र पोचेपर्यंत आजची संध्याकाळ होऊन जाईल.

तुझा, सध्या नोकरीत असलेला,
पंडित