दादा, गोळ्या आणायला मी जातेय

दादा,

आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात. तू झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. मीच मेडिकलमध्ये चाललेय. मास्क लावलाय, डॉक्टरांची चिठ्ठी घेतलीय.

काल जेवताना ताट ढकलून उठले, ते रागाने नाही, जळफळाटाने. मावशी रोज फोन करून तुला विचारते, "घरात कोंडून कसे रे दिवस काढतोस?" ऑटिझममुळे मला हॉर्न आणि गर्दी सोसत नाही, म्हणून नऊ वर्षं मी घरात बसून प्रुफं तपासतेय. मला हे कुणी एकदाही विचारलं नाही. मी घरकोंबडी, आणि तू लॉकडाऊनच्या तीन आठवड्यांत बिचारा!

पण परवा तू बाथरूममध्ये नळ सोडून रडत होतास, ते मला ऐकू आलं. तेव्हा आता माझं ऐक. उठायची, अंघोळीची, जेवायची वेळ ठरव आणि ती मोडू नकोस. बातम्या दिवसातून एकदाच बघ. फारच घुसमटलं तर माझे हेडफोन लाव आणि माझा पलंग आणि भिंत यांच्यामधे जाऊन बस. ती जागा मी कुणालाच देत नाही.

आई उठली की तिला सांग, काळजी करू नकोस. रस्त्यावर एक गाडी नाही, खिडकीतून दहादा बघितलंय. सगळं सुरू झालं की रस्ते पुन्हा तुझे होतील आणि मी घरात. म्हणून आज जरा लांबच्या वाटेने परत येणार आहे.

छोटी