पट्टी माझ्याच दंडाला

३ ऑगस्ट
कोचनी जाहीर केलं: नवा कप्तान खेळाडूंच्या गुप्त मतदानाने, महिनाअखेरीस. मतदान कशाला? अख्ख्या अस्तुरियास प्रांतातली पोरं 'पेलायो' छापलेले शर्ट घालून हिंडतात. पेलायो म्हणजे मी. आणि समोर कोण, तर सेनेन! सदतीस वर्षांचा गोलकीपर. त्याच्या नावाचा शर्ट त्याची बायकोसुद्धा घालत नाही.
संध्याकाळी कप्तानाची पट्टी म्हणून आईचा केसांचा बँड डाव्या दंडाला लावून आरशात पाहिलं. शोभतो.

७ ऑगस्ट
आठवड्याच्या सरावात जो सगळ्यात वाईट खेळला, त्याला बाकीचे पिवळा शर्ट घालायला लावतात. या आठवड्यातही मीच. एकच गलका करून निवडलं. जळतात, दुसरं काय! शर्ट जरा ढगळ होतो, आईकडून मापाचा करून घेतला.

१२ ऑगस्ट
सरावाचा सामना हरलो. मी चौघांना चकवलं, पाचव्याने बॉल काढून घेतला. शुर्दे, आमचा लेफ्ट बॅक, सगळ्यांसमोर म्हणाला, अरे बाबा, बॉलला घरी नेऊन जेवायला घालणार होतास का? सगळे फिदीफिदी हसले. मी म्हटलं, पास घ्यायला तुम्ही मोकळे तरी असता का? तो म्हणाला, मोकळेच होतो रे, हात वर करून करून खांदे गेले.
बाहेर मात्र माझ्या सहीसाठी ही झुंबड! सह्या देता देता टीमची बस निघून गेली. विसरले असतील.
संकल्प: उद्यापासून पास द्यायचा. निदान मतदानापर्यंत.

१३ ऑगस्ट
पास दिला. शुर्देने गोल मारला आणि मैदानभर धावत जाऊन मिठी मारली सेनेनला. संकल्प रद्द.

१८ ऑगस्ट
प्रचार सुरू. आईने केलेली तांदळाची खीर पातेलंभर ड्रेसिंग रूममध्ये नेली. चाटूनपुसून फस्त. शुर्दे म्हणाला, आईला घे की टीममध्ये, तू घरी बसलास तरी चालेल. म्हणजे घरोबा वाढला. निम्मी मतं खिशात.
सेनेनच्या कोपऱ्यात मात्र कायम गर्दी. कुणाचं घरमालकाशी भांडण, कुणाच्या पोराला ताप. हे काय कप्तानाचं काम आहे? त्याला दवाखाना काढून द्या.

२५ ऑगस्ट
विजयाचं भाषण तयार. आईला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, यात तुझ्याशिवाय कुणी आहे का रे? दोन ठिकाणी 'आपण' घातलं.

३० ऑगस्ट, सकाळ
मतदान झालं. चिठ्ठीवर माझं नाव लिहिणारच होतो, तेवढ्यात समोर सेनेन दिसला, खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. एकही मत पडलं नाही तर बिचाऱ्याचं तोंड कसं होईल? मला अगदी भरून आलं. मन मोठं करून त्याचं नाव लिहिलं. जिंकणाऱ्याला एवढं परवडतं.

संध्याकाळ
सेनेन. एकमताने.
एकूण एक मत त्याला! शुर्देने मला कडकडून मिठी मारली. म्हणाला, तू तरी स्वतःला देशील अशी आमची खात्री होती रे, माफ कर. सगळे उठून माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लागले. सेनेनचे डोळे भरून आले, म्हणाला, पोरा, तुला ओळखायला मी चुकलो. माझेही डोळे भरून आले. का, ते कुणी विचारलं नाही.
मग सगळे सफरचंदाची दारू प्यायला निघाले. मला प्रथमच हाक मारली, मधोमध बसवलं, पहिला पेला माझ्या हातात दिला. आज मी खरंच टीमचा लाडका झालो. फार वाईट वाटतंय.