खोलायचं की दुसरं आणायचं

४ नोव्हेंबर

इंजिन गेलं! म्हणजे बंद नाही पडलं, पण कॉलिन म्हणतो गेलं. सकाळी शेडमध्ये गेले तर माझ्या जुन्या एमजी गाडीचं बॉनेट उघडं आणि नवरा आत डोकं घालून उभा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजत होता. मीटर माझ्या नाकासमोर धरलं. "बघ तूच. काटा कुठाय?"

बघितलं. "कमी आहे की रे," मी म्हणाले.

त्यानं मीटर स्वतःकडे वळवून पुन्हा बघितलं. मग म्हणाला, "हो ना. फारच कमी." रिंगा झिजल्या, सिलिंडर झिजले, बेअरिंगचीही शाश्वती नाही. गाडी आता फाटकाबाहेर काढायची नाही म्हणे.

मागच्या आठवड्यात कॉलिन चालवत होता तेव्हा तर चढाला मस्त खेचत होती. पण इंजिनातलं त्याला कळतं, चालवण्यातलं मला. लग्नापासून ही वाटणी ठरलेली आहे. तो स्वतः चालवायला बसला की मागे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवतात.

६ नोव्हेंबर

खरं काय ते इथेच लिहिते, दुसरीकडे सोय नाही. मीटरचा काटा मला दिसलाच नव्हता.

सप्टेंबरात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं — दोन्ही डोळ्यांचा मधला भाग झिजलाय. कडेकडेचं दिसतं, नेमकं समोरचं पुसट. मार्चमध्ये मी पंचाहत्तर वर्षांची होणार. त्या वयाला लायसन्स नवं करायला डॉक्टरांची सही लागते, ती मिळणार नाही. "खरं तर आजपासूनच चालवू नका, रेविन," असंही म्हणाल्या. मी मान हलवली. रस्त्यावर चालवायचं सोडलंही. गुडघा दुखतो म्हणून सांगते, नोएलीन शेजारीण बिचारी सगळीकडे नेते.

पण फेब्रुवारीत आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबची टेकडी चढायची शर्यत आहे. खाणीचा रस्ता, दोन्हीकडून बंद, एका वेळी एकच गाडी. त्या रस्त्याचं वळण न् वळण मला पाठ आहे. एकदाच, शेवटचं, वरपर्यंत जायचंय. त्यानंतर किल्ली मी आपणहून खिळ्याला अडकवीन.

कॉलिनला सांगितलेलं नाही. तो माझ्याआधी रडेल.

१५ नोव्हेंबर

इंजिन उतरवलं. एकेक तुकडा आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात, झाकणावर जाड शाईनं नाव. नोएलीन डोकावून म्हणाली, "अगंबाई, एवढं आइस्क्रीम खाल्लंत तुम्ही दोघांनी?" इंजिनाचा मुख्य सांगाडा, ब्लॉक, इन्व्हरकारगिलला वर्कशॉपवाल्या हेमिशकडे गेला, लेथवर सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून तासून घ्यायला.

कॉलिन फार खुशीत. नवा खुबा बसवल्यापासून त्याला इतका वेळ उभा राहिलेला मी पाहिला नव्हता. "कधी होईल?" विचारलं तर म्हणे, "चांगल्या कामाला वेळ लागतो, राणीसाहेब."

वेळच तर नाही माझ्याकडे.

२३ नोव्हेंबर

गोर गावात एक वापरलेलं इंजिन विकायला आहे! क्लबातच कळलं. अगदी आपल्याच जातीचं. गाडी शेतात उलटली, पत्रा गेला, इंजिन शाबूत. दोन शनिवार-रविवारात बसेल. जेवताना विषय काढला.

"दुसऱ्याचं इंजिन?" कॉलिननं काटा खाली ठेवला. "त्यानं तेल कधी बदललं, कसं पळवलं, काय माहीत? त्याची पापं आपण कशाला विकत घ्यायची?"

"तुझा खुबा नाही बदललास? तेव्हा नाही म्हणालास, जुनाच घासूनपुसून बसवा."

"खुबा नवाकोरा होता. कुणी वापरून दिलेला नव्हता."

हसूच आलं. मासा गार झाला.

३० नोव्हेंबर

नोएलीनला घेऊन गोरला जाऊन आले. कॉलिनला सांगितलं, लोकर आणायला चाललोय.

स्ट्युअर्ट म्हणून मेंढ्या कातरणारा माणूस आहे. इंजिन कोंबड्यांच्या खुराड्यात, लाकडी पाटावर बोल्टांनी आवळलेलं, त्यावर एक तपकिरी कोंबडी बसलेली. "ती रोज तिथेच बसते," तो म्हणाला, "अधूनमधून सुरू करतो ना मी, गरम झालं की आवडतं तिला." कोंबडीला उचललं, बॅटरी जोडली, आणि काय सांगू — पहिल्या फटक्याला सुरू! डोळे मिटून ऐकत राहिले. स्वच्छ आवाज, कुठे खडखड नाही. ऐकण्यात मी अजून कुणाला हार जायची नाही.

"घ्या की, मावशी," स्ट्युअर्ट म्हणाला. "पडून पडून अंडी द्यायला लागेल ते."

परतताना नोएलीननं विचारलं, "एवढी घाई कसली गं तुला? एक शर्यत चुकली तर पुढच्या वर्षी."

गुडघ्याचं निमित्त इथे चालेना. मी त्या कोंबडीचा विषय काढला.

८ डिसेंबर

हेमिशकडे रांग आहे. म्हणे.

२५ डिसेंबर

नाताळ म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळा, कडक ऊन. क्रीमचा पावलोवा केक पानात येईपर्यंत विरघळला, तरी दोघांनी चमच्यानं खरवडून खाल्ला. रात्री दहापर्यंत उजेड, बाहेर खुर्च्या टाकून बसलो. कॉलिननं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. "काय रे?" विचारलं. "काही नाही," म्हणाला. मग आपणच म्हणाला, "छान चालवायचीस तू."

चालवायचीस! गाडी काय मेली आहे का? इंजिन तेवढं बसव म्हटलं.

१२ जानेवारी

अजून रांग. ट्रॅक्टरची कामं आधी, म्हणे. म्हटलं, मीच फोन करते हेमिशला. तर कॉलिन घाईघाईनं उठला, "नको, नको, कामात असतो तो." बावीस फेब्रुवारीला शर्यत. नाव तर देऊन ठेवलंय. याचं असंच चाललं तर ही गाडी थंडीत तयार होईल आणि मी शेजारच्या सीटवर भाजीच्या पिशवीसारखी बसेन.

भांडले आज. चांगली कडकडून भांडले. तर त्यानं उठून चहा करून आणला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं!

३० जानेवारी

ठरलं. स्ट्युअर्टला हो म्हणून टाकलं. येत्या शनिवारी कॉलिन हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या त्याच्या बोल्सच्या सामन्याला जाईल. तेवढ्यात स्ट्युअर्ट ट्रेलरवर इंजिन आणील, क्लबातली चारजणं बसवायला येतील. घरून एकेक पदार्थ घेऊन या म्हटलंय सगळ्यांना, मी सूप करीन. कॉलिन परत येईल तेव्हा गाडी अंगणात घरघरत असेल. चिडेल. चिडू दे. नंतर सगळं सांगीन त्याला, डोळ्यांचंसुद्धा.

एवढंच की त्या इंजिनाच्या फ्लायव्हीलचे, म्हणजे मागच्या जड चाकाचे, दात झिजलेत, तेव्हा आपल्या जुन्या इंजिनाचं लागेल. ते ब्लॉकबरोबर हेमिशकडे गेलंय. चीज रोल करून घेऊन जाते, म्हणजे तो नाही म्हणायचा नाही.

३ फेब्रुवारी

आज जे कळलं ते आधी लिहून काढते.

हेमिशच्या वर्कशॉपमध्ये गेले. नोएलीन बाहेर गाडीत. फ्लायव्हील मागितलं, त्यानं लगेच काढून दिलं. शेजारीच आमचा ब्लॉक, घोंगडीत गुंडाळलेला. चाचपून पाहिला. आतून गुळगुळीत.

"झालं की रे बोअर करून!"

"बोअर कशाला करायचा, काकू?" हेमिश तोंडात रोल कोंबत म्हणाला. "काही झालेलंच नाही त्याला. अजून वीस वर्षं ओढेल. कॉलिनकाकांना मी नोव्हेंबरातच सांगितलं. ते म्हणाले, मला माहीत आहे, तू नुसता ठेवून घे, तिचा वाढदिवस होऊन जाऊ दे..."

आणि तिथे थांबला. कान लाल झाले असावेत, मला काही दिसलं नाही. पण रोल चावायचा आवाज बंद झाला.

गाडीत येऊन बसले. आधी राग आला. इतका की नोएलीननं दोनदा विचारलं, बरी आहेस ना. मग कळलं. त्या दिवशी मीटरचा काटा चांगला वर होता आणि मी छातीठोकपणे म्हणाले, कमी आहे. माझ्या शेजारी उभं राहून त्यानं ते ऐकलं. आणि धडधाकट इंजिन उतरवलं या माणसानं, नव्या खुब्यावर उभं राहून, डबा डबा करून — का, तर मला "चालवू नकोस" म्हणायची वेळ येऊ नये म्हणून. तीन महिने माझी बोलणी खाल्ली.

टेकडीच्या तिसऱ्या वळणाला कठडा नाही. हे मला नेहमीच माहीत होतं. आज पहिल्यांदा त्याच्या खालची दरी आठवली.

नोएलीनच्या गाडीत रडले. तिला सांगितलं सगळं. तिनं रुमाल दिला आणि उरलेला एक चीज रोल.

४ फेब्रुवारी

स्ट्युअर्टला फोन करून नको म्हणून सांगितलं. "कोंबडी खूश होईल," म्हणाला. मग नाश्त्याला कॉलिनला म्हटलं, "हेमिशकडून ब्लॉक आण. इंजिन जोड. शर्यतीला तू चालव, मी शेजारी बसून वळणं सांगते. मला तुझा चेहरासुद्धा नीट दिसत नाही रे आता."

तो किती तरी वेळ एकाच टोस्टला लोणी लावत राहिला.

"माहितीये," म्हणाला. "सप्टेंबरपासून तू माझ्या कानाकडे बघून बोलतेस."