शेजारची मोकळी सीट

मंगळवार, धारूर

हे गेल्यावर पहिल्यांदाच एकटी गाडी घेऊन पाहुण्यांकडं निघाले. सोबत फक्त यांचा कुत्रा, मोत्या. घाटनांदूरपासून तो मागंच बसला. शेजारची सीट मोकळी, तरी पुढं आला नाही. का?

उतरायच्या आतच यांच्या आत्या भाकरतुकडा ओवाळायला आल्या. हातात दोन तुकडे! एक माझ्यावरून, दुसरा त्या मोकळ्या सीटवरून.

“आत्या, हे कुठं हायत आता?”

“चुकलंच गं माय. दरवेळी दोघं यायचे, हात तसाच फिरला.”

त्यांनी दोन्ही तुकडे लांब फेकले. मी दार उघडताच मोत्यानं खाली उडी मारून एक गिळला. दुसरा मात्र तोंडात धरून आणला आणि त्या सीटवर ठेवला.

उद्या नांदूरघाटला निघायचंय. तुकडा अजून तिथंच आहे. उचलायला हातच होईना.