टोपीवरची जागा

आर्णी, ५ फेब्रुवारी २०२५

चि. कहकशांस मामूची भरभरून दुवा.

वि. वि. परवाच्या एका फोटोचा खरा खर्च सांगतो. कागद-शाई साठ रुपये, फ्रेम दोनशे, शिवाय मारोतरावांची जुनी दोस्ती आणि त्यांच्या घरचा, विजयमालावहिनींच्या हातचा चहा. फोटो परत आला, पाठोपाठ चहाही बंद.

झालं असं, मारोतराव हृदयाचं ऑपरेशन करून घरी आले, पण हसणं दवाखान्यातच ठेवून आले. शेताकडे फिरकत नाहीत. वहिनींनी त्यांच्या पंचाहत्तरीसाठी माझ्याकडून फोटो काढवला. मारोतरावांनी फोटोतल्या टोपीच्या वर बोट टेकवलं अन् म्हणाले, मोहिउद्दीनभाई, एवढी जागा काहून सोडली, हार घालायले?

बेटा, खरं तर हो. स्टुडिओ टाकला तेव्हापासून मी डोक्यावर चार बोटं जागा सोडतो. भिंतीवरच्या फोटोला आज ना उद्या हार चढतो, अन् हारानं कपाळ झाकलं की पोरं मलाच बोलतात. म्हणून तर छाती ठोकून सांगतो, मोहिउद्दीननं आर्णीत आजवर एकाचीही टोपी कापली नाही.

तू नागपुरात फोटोग्राफी शिकवतेस. प्रिंट सोबत आहे. मोबाईलवर हां-हूं नको, नीट लिहून कळव. पंचाहत्तरीलाही ते हसले नाहीत, तर वहिनींचा धीर सुटेल.

लोभ आहेच, वाढला तरी चालेल.

तुझा मामू

नागपूर, ९ फेब्रुवारी

ति. मामूंना कहकशांचा सलाम.

वि. वि. प्रिंट पाहिली. मामू, यात मारोतकाका खुर्चीत नाही, विहिरीत बसलेत. अर्ध्या फोटोत तुमचा निळा पडदाच आहे. जवळ जा. डोळे मधोमध नकोत, वरच्या एक तृतीयांश भागात घ्या. हातही येऊ द्या. आयुष्यभर शेती केलेले हात बाहेर कशाला ठेवलेत? स्टुडिओ सोडा, त्यांच्या ओट्यावर काढा.

आणि ते एक-दोन-तीन बंद करा. तीन म्हटलं की माणसाचा दगड होतो. तुमच्या तिखट कानांना अम्मी अजून भिते, तेच कामाला लावा. हसू ओठांवर यायच्या आधी श्वासात येतं.

रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची कहकशां

आर्णी, १६ फेब्रुवारी

चि. कहकशांस दुवा.

वि. वि. विहीर वाचल्यापासून तुझी मामी हसूनच राह्यली आहे.

ओट्यावर गेलो. मारोतराव म्हणाले, आता कायले आला, खिळा ठोकायले? मी म्हटलं, या खेपेला सूतभर जागा सोडत नाही, बसा. जवळ सरकलो, डोळे वर घेतले, काठीवरचे हातही घेतले. चेहरा मात्र पंचनाम्याला बसल्यासारखा.

मग कान लावला. मागं दारात वहिनी शेजारणीला पुटपुटल्या, की लग्नाच्या फोटोतही हे असेच होते, बैल विकून आल्यासारखे. इकडे मारोतरावांचा श्वास अडकला, नाकातून फुसकन हवा सुटली. मी बटण दाबलं. मग ते वळून म्हणाले, बैल नव्हता विकला, तुझ्या बापानं दिलेला बूट चावून राह्यला होता. वहिनी पदरात तोंड घालून खाली बसल्या.

पंचाहत्तरीला तोच फोटो भिंतीवर होता. येईल त्याला मारोतराव दाखवत होते, पाहा, हाराले जागाच नाही. काल शेतात जाऊन हरभरा पाहून आले. माझा चहा सुरू झाला.

अशीच कान धरत राहा.

तुझा मामू

ता. क. फोटोत टोपी अर्धी कापली गेली आहे.