माईकसमोर आपली बोली

प्रिय बाबा,

मुंबईहून तुमच्या टीनाचा नमस्कार. आईचा गुडघा आता कसा आहे?

मी मजेत आहे. इथली भाजी गोड लागते, पण पोट भरते. पहिल्या वर्षाच्या मुलांना बँकेतली आणि कम्प्युटरची कामं दाखवणारं हे शिबिर फारच छान आहे. खात्यातली चोरी मशीन कशी पकडते, ते आम्ही स्वतः करून पाहिलं.

काल ते सगळ्यांसमोर माईकवर समजावून सांगायचं होतं. मी इंग्रजीत सुरुवात केली आणि अडकले. सारे माझ्याकडे पाहून राहिले होते. मी खाली बसणार, तेवढ्यात आम्हाला शिकवणाऱ्या, बँकेतल्या तांबे मॅडम म्हणाल्या, "घरी वडिलांना कसं सांगशील? तसंच सांग."

मग मी सांगितलं, "बाबा, तुम्ही नेहमी आपल्या गावात, बिरसीतच सामान घेता. अचानक दिल्लीत तुमच्या खात्यावर कोणी टीव्ही घेऊन राहिला, तर मशीन विचारते, हा माणूस तिथं कायले गेला?"

सगळे हसले, पण सगळ्यांना समजलं. एवढा मोठा विभाग सांभाळणाऱ्या मॅडम माझं बोलणं संपेपर्यंत माझ्या बाजूला उभ्या होत्या. संध्याकाळी त्यांनी मला उन्हाळ्याच्या सुट्टीत कामाला बोलावलं.

म्हणजे उन्हाळी धानाच्या कापणीला तुम्ही दोघंच राहाल. हे आठवून मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण बाबा, तोंडातून हो निघालं.

आईला तुम्हीच समजवा. फोनवर मला रडू आलं असतं.

तुमचीच,
टीना