पोर मांडीवर घेऊन बैस

४ नोव्हेंबर, सोमवार

सप्तापूरचं न्हाणं. एकविसावा दिवस. पोरगा चांगला भरलाय, पायांवर घेतला की लाथा मारतो. कुठलं लेकरू किती दिवसांचं झालं ते चुकू नये म्हणून ही वही. चौथीपर्यंत शिकलेली मी, माझ्या डोक्यात राहत नाही. पण आज दिवस सोडून दुसरं लिहायचं आहे.

मी आधी बाळंतिणीला तेल लावते, मग बाळाला. आज स्मृती पालथी झाली आणि पाठीवर डाव्या अंगाला तळहाताएवढं काळंनिळं. म्हटलं, हे काय? "कपाट लागलं अक्का." पाठीला कपाट कसं लागतं? तीस वर्षं बायकांच्या पाठी चोळते मी. कुठली पाठ कशानं निळी झाली ते बोटांना कळतं. तिथं हात हलका केला.

नवरा सुधींद्र. कॉलेजात शिकवतो. मला बघितलं की "बसा अक्का, चहा घेऊन जा" म्हणतो. त्याला मोठ्यानं बोलताना मी ऐकलेलं नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

आज स्मृती आपणहून बोलली. न्हाणीचं दार लावून, पाणी सोडून ठेवून. लग्नाला सहा वर्षं झाली, पहिल्या वर्षापासून आहे म्हणते. यावेळी कारण काय, तर भात गाळ झाला. मारायच्या आधी तो शर्टाच्या बाह्या दुमडतो, दोन घड्या, नीट. सासू अंबूताई टीव्हीचा आवाज वाढवतात. थोरली वेदू चार वर्षांची आहे, ती पलंगाखाली जाते.

"माहेरी सांग," म्हटलं. माहेर अळणावरला. बाप म्हणतो, जावई शिकलेला आहे, जरा समजुतीनं घे.

मग मी तिला आमची रीत सांगितली. माझ्या सासूनं मला सांगितलेली, मी किती जणींना सांगितली असेल. तो उठायला लागला की पोर मांडीवर घेऊन बैस. बापाचा हात पोरावर उठत नाही. आमचे हे काय कमी होते! पण माझा गोपाळ कडेवर असला की तोंडानं शिव्या द्यायचे, हात खाली. आता ते जाऊन बारा वर्षं झाली.

ती म्हणाली, "खरंच चालतं का हो हे?"

"न चालायला काय झालं," म्हटलं.

११ नोव्हेंबर, सोमवार

सप्तापूर अठ्ठाविसावा. बाळाला जरा सर्दी. ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून दिली.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

स्मृतीची पाठ साफ आहे. जुना डाग पिवळा पडून गेला, नवा नाही. नवरा दोनदा उठला म्हणे, दोन्ही वेळा बाळ, साकेत, मांडीवर होता, तर नुसता दारावर लाथ मारून बाहेर गेला. आज ती थोडी हसली सुद्धा. म्हणाली, "अक्का, तुम्ही डॉक्टर व्हायला पाहिजे होतं." म्हटलं, डॉक्टरला काय येतं, त्याला टाळू तरी भरता येते का?

घरी येताना बरं वाटत होतं. लिहून ठेवते.

२० नोव्हेंबर, बुधवार

सदतिसावा. साकेतच्या मांडीवर बाहेरच्या बाजूला डाग. चार बोटं लागतात एवढा.

अंबूताई दारातच उभ्या होत्या. "जन्माचा डाग असेल," म्हणाल्या. जन्माचा डाग काय मला दाखवता? तो कुल्ल्यावर असतो, पाठीवर असतो, पाटीच्या दगडासारखा निळसर, आणि कित्येक महिने तसाच राहतो. छत्तीस दिवस मी हे लेकरू उलटंपालटं करून न्हाऊ घातलंय, काल नव्हता आज आला? असं म्हटल्यावर म्हणाल्या, "मग पाळण्याची कडी लागली असेल. गोदाक्का, तुम्ही आपलं न्हाणं बघा."

त्या आत गेल्यावर स्मृतीकडं बघितलं. ती खाली बघूनच म्हणाली, "मध्ये आला तो."

त्यावर मी काय म्हणाले ते लिहिते. मी म्हणाले, "घट्ट धर. सैल धरलं होतंस."

२३ नोव्हेंबर, शनिवार

चाळिसावा दिवस. साडी मिळाली, हिरवी. बाळाला अजून महिनाभर न्हाऊ घालायला या, अंबूताई म्हणाल्या. रविवार सोडून. डाग हिरवट झालाय.

२ डिसेंबर, सोमवार

सकाळी गेले तर फाटकाला कुलूप. साकेत गेला.

४ डिसेंबर, बुधवार

शेजारच्या घरी भांडी घासणाऱ्या सीतानं सगळं सांगितलं. रविवारी संध्याकाळी दवाखान्यात नेलं, पोचेपर्यंत संपलं होतं. डोक्याला मार. दवाखान्यातूनच पोलिसांना कळवलं, त्यांनी तपासणी करून दुसऱ्या दिवशी हातात दिलं. पुरून आले. एवढ्या लहानाला जाळत नाहीत.

स्मृतीनं स्वतःच सांगितलंय, न्हाऊ घालताना हातातून सटकला. सुधींद्र म्हणाला, मी तेव्हा वर मुलांचे पेपर तपासत होतो. आणि अंबूताई काय म्हणाल्या? "ती गोदाक्का तेल फार चोपडते, अंग निसरडं होतं."

माझं तेल! शनिवारचं तेल मी शनिवारीच पिठानं धुऊन काढते. तीस वर्षांत एक लेकरू माझ्या पायांवरून सरकलेलं नाही. आणि संध्याकाळी सहाला डिसेंबरात तान्ह्याला न्हाऊ घालतं कोण?

हे कळल्यावर आधी मला राग माझ्या तेलाला नाव ठेवल्याचा आला. साकेतचं वाईट नंतर वाटलं. असं आहे.

७ डिसेंबर, शनिवार

फौजदार बाई आल्या. तरुण आहे, गोपाळपेक्षा लहान असेल. कानडीतच बोलत होती. बाळाच्या मांडीवर जुना मार होता, डॉक्टरांनी लिहिलंय, तुम्ही रोज बघत होता ना, एनरी अक्का, काय हो, काही दिसलं का?

मी म्हटलं, इल्ल री. काही नाही.

जाताना म्हणाली, आठवलं तर या. नंबर लिहून दिला.

ती गेल्यावर गोपाळ म्हणाला, "बरं केलंस अव्वा. मोठ्यांची घरं आहेत ती. सप्तापुरात एक दार उघडणार नाही तुला." त्याचंही खरं आहे. पण तो एवढ्यासाठी बोलत होता, आणि मी वेगळ्याच कारणासाठी गप्प बसले होते. पोराला मांडीवर घे हे सांगितलं कुणी, असं तिनं विचारलं असतं तर?

१० डिसेंबर, मंगळवार

त्याच गल्लीत दुसरं न्हाणं आहे, म्हणून त्या फाटकावरून जावं लागतं. वेदू पायरीवर बसली होती. एकटी. केस विंचरलेले नव्हते. स्मृतीला माहेरी पाठवून दिलंय, पोरगी ठेवून घेतली. दुसरं पण मारेल म्हणून देत नाहीत म्हणे.

मला बघून फाटकाशी आली. "अक्का, आईनं बाळाला पाडलं. अज्जी सांगते."

"तू बघितलंस का?"

"मी पलंगाखाली होते." मग हळू म्हणाली, "अप्पांनी बाही दुमडली होती."

वरून सुधींद्रनं हाक मारली, "वेदू." गोड आवाजात. पोरगी जागच्या जागी थांबली. रडली नाही, पळाली नाही. हात दोन्ही मांड्यांना चिकटवून उभी राहिली. मग आत गेली.

आता त्या घरात मांडीवर घ्यायलाही कुणी नाही तिला, तिचा मार पाठीवर घ्यायलाही नाही. पुढची तीच आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार

अळणावरला जाऊन आले. बसमध्ये उभीच होते.

स्मृतीचा बाप ओसरीवर बसलेला. "आता काय तेल लावायला आलात?" म्हणाला. म्हटलं, तुमच्या पोरीची पाठ मी बघितली होती, तुम्ही एकदा तरी बघितली का? वाट दिली.

स्मृती भिंतीकडं तोंड करून. दूध आटलेलं नाही, ब्लाऊज ओला. मी बसले, तिचे पाय चेपत राहिले. अर्ध्या तासानं म्हणाली, "अक्का, मीच मारलं त्याला."

"सटकला?"

"नाही. हे उठले. भांडण चहाच्या साखरेवरून. साकेत झोपला होता पाळण्यात. मी उठवून घेतला. झोपलेला, अक्का. उचलून पुढं धरला. घट्ट."

पुढचं तिनं सांगितलं, ते इथं लिहीत नाही. ती म्हणते, नवऱ्याचं नाव घेतलं तर विचारतील, पोर पाळण्यात असताना उचललंस कशाला? काय सांगू? त्यापेक्षा सटकला म्हटलेलं बरं. शिक्षा मला होऊ दे.

मी म्हटलं, "कशाला उचललंस ते मला ठाऊक आहे. मीच सांगितलं होतं तुला. घट्ट धर म्हणून पण मीच सांगितलं."

ती माझ्याकडं वळली. मला वाटलं मारेल. मारायला पाहिजे होतं. पण ती म्हणाली, "वेदू काय करते?"

मग मी पायरीवरचं सगळं सांगितलं. बाहीचंही. ती उठून बसली. म्हणाली, "तुम्ही याल का पोलिसांत? तुम्ही आधी सांगा. मग मी सांगते."

१६ डिसेंबर, सोमवार

सांगितलं. दोघींनी, वेगवेगळ्या खोलीत. तीन तास लागले.

फौजदार बाई पुन्हा पुन्हा तारखा विचारत होती. ही वही नेली होती. चार तारखेची पाठ, वीस तारखेची मांडी, तेवीसला हिरवा रंग. तिनं पानांचे फोटो काढून घेतले. माझं अक्षर बघून हसली नाही.

शेवटी ती गोष्टही सांगितली. पोर मांडीवर घ्यायला मीच शिकवलं. ती लिहायची थांबली. म्हणाली, "अक्का, आमची आजीपण हेच सांगायची." मग विचारलं, "तुमच्याकडं चाललं होतं का हे? उपयोग झाला?"

"चाललं," म्हटलं. तिनं तेवढंच लिहून घेतलं, मी सही केली.

१९ डिसेंबर, गुरुवार

दोन घरांनी उद्यापासून येऊ नका म्हणून निरोप पाठवला. एकीनं साडीसुद्धा पाठवली. घातली कपाटात.

२७ डिसेंबर, शुक्रवार

मुलांच्या समितीनं वेदूला स्मृतीकडं दिलं. सुधींद्रला पोलिसांनी मंगळवारीच नेलंय. अंबूताई बाहेर बाकावर बसल्या होत्या, माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आमचं मीठ खाल्लंत." म्हटलं, चहा प्याले, साखरेचा.

वेदू बाहेर आली ती आईचा पदर धरून नाही. दोन पावलं मागून चालत होती. स्मृती थांबली की ती थांबायची. बसस्टँडपर्यंत तशीच. मग बस आल्यावर स्मृतीनं तिला उचलायला हात पुढं केले, तर पोरगी मागं सरली. स्मृतीनं हात खाली घेतले. "चल, चालत चढू," म्हणाली.

केस उभा राहील तेव्हा मला कोर्टात बोलावतील. सरकारी वकीलबाई म्हणाल्या, जे लिहून दिलंय तेच सांगायचं, एक शब्द इकडंतिकडं नको.

२९ डिसेंबर, रविवार

एक शब्द खोटा आहे. चाललं नव्हतं. गोपाळ दोन वर्षांचा होता, कडेवर होता, यांचा हात त्याच्या डाव्या कानावर बसला. त्या कानानं त्याला ऐकू येत नाही. कान तापानं गेला असं मी सगळ्यांना सांगत आले, त्यालाही. पुढं मलाही तेच खरं वाटायला लागलं.

उद्या पोलिसांत जाऊन तेवढा शब्द बदलून येते. त्याआधी गोपाळला सांगायचं आहे. उजव्या बाजूला बसून.